‘विक्रममामा उठला’ या वाक्याची दुरुस्ती

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचे.

नोव्हेंबर २०११मध्ये, मी साडेआठ वर्षांची असताना, ‘सात सामन्यांची हकीकत’ नावाची एक वही लिहिली. तिच्या एकोणिसाव्या पानावर असे वाक्य आहे : ‘आपण जिंकलोच होतो, पण तेवढ्यात विक्रममामा जागेवरून उठला आणि सगळे गेले.’ वाक्य माझ्या हातचे आहे. त्यातले ‘उठला’ खरे आहे. तो का उठला हे मला माहीत होते आणि मी ते लिहिले नाही. सबब हे वाक्य बाद समजावे. जे घडले ते कलम पाचमध्ये आहे. ज्यांना तेवढेच वाचायचे असेल त्यांनी तिथे जावे.

मी, नीलांबरी शैलेंद्र वैरागडे, वय बावीस, राहणार प्लेनो, टेक्सस, नोकरी घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद तपासण्याची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. सकाळी पोहे खाल्ले आहेत, ताप नाही, गुंगीचे औषध घेतलेले नाही, आणि काय लिहायचे ते कोणी शेजारी बसून सांगत नाही. माझी मैत्रीण आश्लेषा, जी या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहते, ती पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे. ते दडपण धरू नये.

कारण असे की, मंगळवार, २८ ऑक्टोबर रोजी माझ्या गळ्यातली एक गाठ आणि तिच्याबरोबर अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायची आहे. गाठ बहुधा साधी आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे. पण सही करायला दिलेल्या कागदावर धोक्यांची यादी होती आणि मी कागद पूर्ण वाचते, तीच माझी नोकरी आहे. यादीत मृत्यू सर्वांत खाली होता. त्याच्या वर लिहिले होते, आवाज जाणे किंवा कायमचा बदलणे.

वयाच्या बाराव्या वर्षी मी एक मृत्युपत्र लिहून बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवले होते. त्यात सायकल आणि एक मासा होता. दोन्ही आता नाहीत. ते मृत्युपत्र रद्द करते.

कलम १. मालमत्तेपुरते इंग्रजी मृत्युपत्र वकिलांकडे आहे. दोन्हींत फरक पडला तर वस्तूंच्या बाबतीत ते धरावे आणि कारणांच्या बाबतीत हे. त्यात कारणे नाहीत. वकिलांनी विचारली नाहीत.

कलम २. माझी गाडी आणि बँकेत जे असेल ते आईला, म्हणजे शुभा शैलेंद्र वैरागडे यांना. आई, गाडीचा उजवा आरसा बाहेरून हाताने हलवावा लागतो. हायवेवर जाण्याआधी हलव, हायवेवर गेल्यावर नको.

कलम ३. मोठा कुकर आश्लेषाला हवा आहे. पण ती या पत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असा नियम आहे. म्हणून कुकर तिला काल रीतसर देऊन टाकला. ती म्हणाली, “म्हणजे तू वाचलीस तरी तो माझाच ना?” मी हो म्हणाले. तरी आज सकाळी त्यातच डाळ लावली, तिची परवानगी घेऊन.

कलम ४. माझ्याजवळ बेसबॉलच्या अकरा धाववह्या आहेत. यांपैकी सात बाबांनी भरलेल्या, चार माझ्या. त्या सर्व विक्रम मोहरीर, माझ्या आईचा धाकटा भाऊ, राहणार ट्रॉय, मिशिगन, यांना द्याव्यात. धाववही म्हणजे काय आणि ती माझ्याजवळ का, हे सांगणे भाग आहे.

मी पाच वर्षांची असताना घराबाहेर बोलत नसे. घरात अखंड बडबड, शाळेत एक शब्द नाही. सहा महिने वाट पाहून आईबाबांनी मला शाळेतून काढले आणि तिसरी संपेपर्यंत घरीच शिकवले. सकाळी आई वाचन घेई. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबा गणित आणि मराठी घेत, आणि दोन्हीचे पुस्तक एकच होते : रेंजर्स या टेक्ससच्या बेसबॉल संघाचा सामना आणि त्याची नोंद ठेवायची ती धाववही. बाबा नागपूरहून क्रिकेट घेऊन आले होते. इथे त्यांना बेसबॉल आवडला आणि त्यांनी त्याला क्रिकेटचेच शब्द दिले. धाव, डाव, झेल, बाद. आकडे देवनागरी. प्रत्येक फलंदाजाला एक चौकट, आणि तो गेला की चौकटीत ‘बाद’. अपूर्णांक मी फलंदाजांच्या सरासरीवरून शिकले, वेलांट्या त्यांच्या नावांवरून.

बाबांचे दोन नियम होते. पेन्सिल वापरायची नाही. “पेन्सिलने लिहिणारा माणूस आधीच माफी मागून ठेवतो,” ते म्हणत. आणि दुसरा, जो त्यांनी पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याच्या आत लिहून दिला : घडल्याशिवाय लिहायचं नाही.

कलम ५. ऑक्टोबर २०११मध्ये आमचे रेंजर्स अंतिम मालिकेत होते. सातपैकी चार सामने जिंकायचे, आम्ही तीन जिंकलो होतो. सहावा सामना सेंट लुईसला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी होता, पण तिथे पावसाचा अंदाज होता म्हणून तो एक दिवस पुढे गेला. आई म्हणाली, “लक्ष्मीला तरी तुमच्या मॅचची दया आली.” अशा रीतीने सामना पाडव्याला आला. सातवा झालाच तर तो भाऊबीजेला येणार होता.

मामा त्या वेळी आमच्याकडे वरच्या खोलीत राहत होता. त्याची नोकरी गेली होती. मिशिगनमधल्या एका कंपनीत चार मुलाखती झाल्या होत्या आणि उत्तर यायचे होते. तो दिवसभर मला भागाकार शिकवी आणि चुकला की म्हणे, “भाऊजींना सांगू नकोस, मला घरातून काढतील.” त्याच उन्हाळ्यात मी पहिल्यांदा एका बाहेरच्या माणसाशी बोलले होते, ग्रंथालयातल्या बाईंशी. मामा माझ्यामागे उभा होता. त्याने घरी येऊन कोणाला काही सांगितले नाही, नुसती जिलबी आणली.

पाचवा सामना जिंकला तेव्हा जो जिथे बसला होता त्याने तिथेच बसायचे, असे ठरले होते. बाबा सोफ्याच्या कडेला. फ्रिस्कोचे संजयकाका आणि शोभनाकाकू त्यांच्या बाजूला. मामा जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून त्यावर. मी त्याच्या पायाशी, वही स्टुलावर. आई पाडव्याचे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, कारण बाबा औक्षणाला उठायला तयार नव्हते.

“अहो, निरांजन विझेल,” आई म्हणाली.

“शेवटचा माणूस बाद होऊ दे. तू वात सांभाळ, मी मॅच सांभाळतो.”

“जसं काय तुम्हीच चेंडू टाकताय.”

शोभनाकाकू म्हणाल्या, “शुभा, तू टीव्हीलाच ओवाळ बाई. या घरातला कर्ता तोच आहे.”

नववा डाव, म्हणजे शेवटचा. आम्ही दोन धावांनी पुढे. त्यांचे दोन गडी बाद. तिसऱ्यावर दोन स्ट्राइक, म्हणजे दोन चेंडू हुकलेले; तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद आणि तिसऱ्या गड्याला डाव खलास. आणखी एक स्ट्राइक आणि रेंजर्स पहिल्यांदा विजेते. बाबा श्वास घेत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले, आणि मला वाटले, तो शब्द लिहायला मला उशीर होऊ नये. त्यांनी वळून पाहिले की वही तयार असावी. मी त्या चौकटीत निळ्या शाईने लिहिले : बाद.

चेंडू अजून टाकायचा होता.

मामाने पाहिले. खुर्ची मागे सरकली, तो उठून वाकला आणि त्याने आपला तळहात पानावर ठेवला, जसे आपण दिव्यावर हात धरतो. त्याच वेळी टीव्हीत लाकडाचा आवाज झाला. चेंडू उजवीकडच्या खेळाडूच्या डोक्यावरून भिंतीपाशी गेला, त्यांची दोन माणसे धावत मूळ जागी पोचली आणि त्या दोन धावांनी बरोबरी झाली.

बसलेल्यांपैकी एकटा मामा उभा होता.

“विक्रम,” बाबा म्हणाले. “तू उठलास?”

“हो भाऊजी.”

“का उठलास?”

मामाने हात मिटला. “पाय आखडला होता.”

माझी शाई ओली होती. त्याच्या तळहातावर तो शब्द उलटा उमटला होता. मी खाली बसले होते म्हणून मला दिसला. उरलेला वेळ त्याने ती मूठ उघडली नाही.

बरोबरीमुळे डाव वाढले. दहाव्या डावात बाबांनी त्याला मागच्या अंगणात पाठवले, आणि काचेकडे पाठ करून उभे राहायला सांगितले. तो तसा उभा राहिला. आम्ही पुन्हा दोन धावा पुढे गेलो, पुन्हा शेवटच्या स्ट्राइकपर्यंत आलो, पुन्हा ते निसटले. संजयकाका म्हणाले, “यार शैलेंद्र, तो तर बाहेर आहे, आता काय?” बाबा म्हणाले, “जायचं ते तेव्हाच गेलं. आता नुसतं उरकणं चाललंय.” अकराव्या डावात उरकले.

मी जिन्यावर जाऊन बसले होते. मामा आत आला तो आधी माझ्याकडे आला. त्याने वहीतले ते पान फाडून खिशात घातले.

“पानावर माझा कोक सांडला. म्हणून फाडलं. कळलं?”

“पण मी आधीच लिहिलं.”

“तू काही लिहिलं नाहीस. मी उठलो. बस.”

“बाबा विचारतील.”

“मला विचारतील. गळ्याशपथ म्हण, कोणाला सांगणार नाही.”

मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाले.

आता मी त्याचे मन ओळखू शकते. बाबा रागावणारे नव्हते, पण ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहतील तिने मी पुन्हा गप्प होईन, असे त्याला वाटले असणार. खाली गेल्यावर बाबा त्याला म्हणाले, आणि हे मी शब्दशः लिहीत आहे : “तुझं आयुष्यच असं आहे विक्रम. पीएचडी एक सेमिस्टर राहिली असताना सोडलीस. साखरपुडा झाल्यावर लग्न मोडलंस. शेवटच्या स्ट्राइकला खुर्ची सोडलीस.” आई हातातल्या ताटाकडे पाहत होती. मामा म्हणाला, “खरं आहे.”

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, तो सकाळीच बॅग घेऊन एका मित्राकडे गेला. आईने संध्याकाळपर्यंत पाट मांडून ठेवला होता. सातवा सामना सुरू झाला तेव्हा तिने तो उचलला. तो सामनाही आम्ही हरलो, पण त्याचे कोणाला काही वाटले नाही. पुढच्या महिन्यात मामा मिशिगनला गेला.

आई आजही असे मानते की एका खेळावरून भाऊ रुसला आणि ओवाळून घ्यायलाही थांबला नाही. मामा असे मानतो की बहीण ताट घेऊन उभी होती आणि त्याच्या बाजूने एक शब्द बोलली नाही. आई त्याला विचारत नाही. आणि त्याला सांगायचे झाले तर माझे नाव घ्यावे लागते, म्हणून तो सांगत नाही. चौदा वर्षे त्या दोघांच्या मध्ये मी बसले आहे. प्लेनोतल्या शाईचा सेंट लुईसच्या चेंडूशी संबंध नसतो हे मला कळते. चेंडूचे ओझे मी घेत नाही. वाक्याचे घेते.

ते वाक्य असे आले. मालिका संपल्यावर बाबांनी मला सातही सामन्यांवर मराठीत निबंध लिहायला सांगितला. मी लिहिला. एकोणिसाव्या पानावर त्यांनी माझ्या तीन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि शेवटी ‘उत्तम’ असा शेरा दिला. तीच ती वही.

कलम ६. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी फ्रिस्कोला संजयकाकांकडे ‘त्या मालिकेची बैठक’ असते. सुरुवातीला चार घरे होती, आता अकरा आहेत. दुपारी जेवण होते, मग एकेक सामना आठवायचा. तिसऱ्यात त्यांच्या फलंदाजाने तीनदा चेंडू मैदानाबाहेर मारला, तेव्हा कोण स्वयंपाकघरात पळाले. पाचव्यात त्यांचा तो फोनचा घोळ, फोनवर नाव चुकीचे ऐकून भलताच गोलंदाज आला तो, त्यावर संजयकाकांची नक्कल. सगळ्यांना सगळे पाठ आहे, तरी कोणी चुकवले की दुसरा दुरुस्त करतो. सहाव्या सामन्याला मी उभी राहून माझी वही वाचते. तेरा वेळा वाचली आहे. सामन्यात मामा बसला होता ती आमची खुर्चीही तिथेच असते. बाबांनी ती संजयकाकांना देऊन टाकली होती. तिच्या पाठीला कागद चिकटवला आहे : ‘उठू नये’. तिच्यावर कोणी बसत नाही.

आणि एक वाक्प्रचार आहे. खेळ चालू असताना कोणी उठले की संजयकाका म्हणतात, “बस खाली. विक्रम करू नकोस.” मराठीत विक्रम करणे म्हणजे मोठा पराक्रम करणे, म्हणून हे फार हशा मिळवून गेले. मग ते बैठकीबाहेर गेले. कोणी कोर्स अर्धा सोडला, त्याने विक्रम केला. कोणाची गाडी एक्झिट चुकली, विक्रम झाला. आता तर मुलेही इंग्रजीत म्हणतात, “डोन्ट डू अ विक्रम.” त्यांना हा शब्द म्हणजे एक माणूस आहे हे माहीत नाही.

बाबांच्या अंत्यविधीला मामा आला होता. एप्रिल २०२१. मास्क लावून शेवटच्या रांगेत उभा होता. मी त्याला पुढे बोलावत होते तेव्हा संजयकाकांची नात आन्या, तेव्हा सहा वर्षांची, आजीला विचारती झाली, “आजी, इज दॅट द विक्रम?” सगळ्यांनी ऐकले. मामा तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, “येस मॅडम. द ओरिजिनल.” मुलगी हसली. आई पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिले नाही. विधी संपला तेव्हा तो निघून गेला होता.

तरी माझी अशी इच्छा आहे की हा वाक्प्रचार इथून पुढे कोणी वापरू नये. संजयकाका, तुमच्यावर माझा राग आहे, तो या कलमापुरता आहे. मला गाडी शिकवलीत त्याबद्दल तो वजा करून घ्यावा. खुर्ची आमच्या घरी परत पाठवावी आणि तिच्यावर बसावे.

कलम ७. त्या सहाव्या सामन्याचे रेकॉर्डिंग आईच्या टीव्हीखालच्या डब्यात आहे. ते पुसू नये, पण लावूही नये.

बाबा शेवटच्या दोन वर्षांत ते रविवारी दुपारी लावत. मी एकदा खाली आले तेव्हा पडद्यावर गोलंदाज चेंडू हातात धरून थांबलेला होता. दोन बाद, दोन स्ट्राइक. बाबांनी तिथे पॉझ केले होते आणि समोर बसून संत्रे सोलत होते.

“बाबा, पुढे लावा किंवा बंद करा.”

“राहू दे. इथपर्यंत आपण जिंकलेले आहोत.”

मग ते जेवायला गेले. चित्र तसेच राहिले. आम्ही चौकोनी टेबलावर भाजी-पोळी खाल्ली आणि तो माणूस हातात चेंडू घेऊन आमच्याकडे बघत राहिला. जेवताना बाबा अचानक म्हणाले, “विक्रम का उठला असेल गं?” आईने वाढणे थांबवले. माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिले, जरुरीपेक्षा जास्त वेळ, आणि बाबांनी विषय बदलला. ते विचारत होते. टोमणा नव्हता तो. त्यांनी मला सरळ विचारले आणि मी घास चावला. या पत्रात मी ज्या गोष्टी कबूल करते आहे त्यांत ही सर्वांत मोठी आहे, सामन्यापेक्षाही.

त्या घरात मी रात्री राहिले की तो गोलंदाज मला दिसतो. चेंडू टाकत नाही. नोकरीतही मी कोणत्याही कागदावर सही होण्याआधी ‘पूर्ण’ अशी खूण करत नाही, पाच मिनिटे आधीही नाही. माझ्यावरचे साहेब याला काटेकोरपणा म्हणतात. २०२३मध्ये रेंजर्स शेवटी जिंकले तेव्हा आम्ही सगळे संजयकाकांकडे होतो. शेवटचा गडी बाद झाला तरी कोणी उठेना. माणसे रडत होती, बसून. मी चौकट रिकामीच ठेवून दहा मिनिटे थांबले, मग लिहिले. आई माझ्या कानाशी म्हणाली, “विक्रमने पाहिलं असेल का गं?” आणि उत्तर ऐकायला न थांबता भांडी घासायला गेली.

कलम ८. वरची खोली. आई, तिथला पलंग दिवाळीच्या माळांच्या खोक्यांखाली आहे. खोकी गॅरेजमध्ये ठेव. पलंग झोपण्यासारखा कर. एवढेच.

कलम ९. या कलमात मुळात असे लिहिले होते : ‘माझ्या मृत्यूनंतर कलम पाच मोठ्याने वाचावे.’ शपथ माझ्या गळ्याची होती. गळाच राहिला नाही तर शपथही सुटते, असा माझा हिशेब होता. डॉक्टरांनी गाठ जिथे दाखवली तिथेच मी चिमटा धरला होता. डावीकडे, मधोमध नाही. ही गाठ शपथेने झाली असे मी मानत नाही. पण रात्री दिवा मालवला की न मानणे अवघड जाते. एकदा वाटते, न सांगितल्यामुळे आली. एकदा वाटते, सांगितले तर त्या टेबलावरून मी उठणार नाही.

म्हणून गेल्या रविवारी सकाळी मामाला फोन केला.

“काय काढतायत?” त्याने विचारले.

“अर्धी थायरॉइड.”

“अर्धीच? डॉक्टरही आपल्याच घराण्यातला दिसतोय. पूर्ण काम करायची सवय नाही.”

“मामा, मला ते सगळ्यांना सांगायचंय. तू शपथ सोडव.”

“कसली शपथ?” तो म्हणाला.

“तुला माहितेय कसली.”

“अगं वेडे, आता ती लोकं म्हातारी झाली. वर्षातून एकदा हसतात. हसू दे की.”

“तुझ्या नावावर हसतात.”

“नाव काय, मी एकटा वापरतो का? अख्ख्या महाराष्ट्रात विक्रम आहेत.”

“मामा, ‘सुटली’ म्हण. लहानपणी म्हणतात तसं. एक शब्द.”

“ताई कशी आहे?” तो म्हणाला.

“तू विचार तिला.”

“चकलीत अजून ओवा जास्त घालते?”

मी रडायला लागले होते. त्याने ‘सुटली’ म्हटले नाही. म्हणाला, “ऑपरेशननंतर फोन कर. आवाज नसेल तर मेसेज कर,” आणि ठेवला.

त्यानंतर सहा दिवस मी या कलमाचा विचार केला. मी मेल्यावर हे वाचले गेले तर मामाला त्याचे नाव एका मेलेल्या मुलीकडून परत मिळेल. मग त्यावर कोणी त्याची माफी मागणार नाही, सगळे माझ्यासाठीच रडतील, आणि तो पुन्हा शेवटच्या रांगेत उभा राहील. आई त्याला फोन करेल तो मी गेल्याचे सांगायला. ते मला नको आहे. आणि मी जगले पण आवाज राहिला नाही, तर जे वाक्य मी तेरा वेळा मोठ्याने वाचले ते मला मोठ्याने मागे घेता येणार नाही. सांगितले तर तोंडाने सांगितले पाहिजे, ज्या तोंडाने वाचले त्याच.

आईला आधी एकटीला सांगावे असेही वाटले. पण मी आईला ओळखते. ती म्हणेल, जाऊ दे, लोकांत कशाला, आणि मी जाऊ देईन. म्हणून ती सगळ्यांबरोबर ऐकेल. आई, याबद्दल तू माझ्यावर रागावलीस तर तो राग मला मान्य आहे. मामावर मात्र आता रागावू नकोस. त्याचा फोन नंबर बदललेला नाही.

सबब कलम ९चा मूळ मजकूर रद्द. शपथ सुटलेली नसताना मी ती मोडणार आहे. यात कोणाचा दोष नाही, माझ्या डॉक्टरांचा तर मुळीच नाही, पुढे काहीही झाले तरी. मी हे ~~लवकरच~~ सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि मी खाली सही करते.

नीलांबरी शैलेंद्र वैरागडे

साक्षीदार :

१. शोभना संजय पिंपळखुटे, राहणार फ्रिस्को. (चिवडा द्यायला आल्या होत्या. मजकूर दाखवला नाही, पाने दुमडून सही घेतली. “आम्हाला काय ठेवलंस?” असे त्यांनी विचारले. “काही ठेवलं असतं तर तुम्हाला साक्षीदार होता आलं नसतं काकू.” “मग नकोच ठेवू. सहीच बरी.”)

२. आश्लेषा नितीन ठोंबरे, राहणार प्लेनो. (हिने पूर्ण वाचले. दोनदा.)

स्थळ : प्लेनो, टेक्सस.
दिनांक : शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५.

खाडाखोडीचा खुलासा : सही करण्याआधी आश्लेषाने ‘लवकरच’ या शब्दावर बोट ठेवले. “तुझ्या ऑफिसात हा कागद आला असता तर तू काय केलं असतंस?” परत पाठवला असता, मी म्हणाले. “मग?” मी तो शब्द खोडून जागा रिकामी ठेवली होती. मी कॅलेंडर पाहत होते तेव्हा काकूंनी विचारले, कुठली तारीख शोधतेस. मी सांगितली. “अगं, त्या दिवशी तर सगळे आमच्याकडे असतात,” त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. खोडलेल्या जागी दोघींची आद्याक्षरे घेतली आहेत, आणि तिथे वाचावे : शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५.